चोडणचा बांध, तीन ठिकाणी

भूमापनाच्या नकाशात बांध जिथे आहे
तिथे जलस्रोतवाल्यांची नदी वाहते,
आणि मत्स्य खात्याच्या फाइलीत तोच बांध
बेचाळीस मीटर आत, खारफुटीत घुसलेला,
पंगतीत उशिरा आलेल्या पाव्हण्यासारखा
मिळेल तिथे बसलेला.

तीन खाती, तीन सॉफ्टवेअरं.
प्रत्येकाची फाइल प्रत्येकाच्या कुलपात,
एकाची किल्ली हैदराबादेत,
एकाची कंपनीच बुडालेली.

आश्विनातल्या अवसेच्या उधाणाने
यातलं काहीच उघडून पाहिलं नाही.
बांध जिथे होता तिथेच फुटला.
कापणीला आलेल्या कोरगुटात खारं पाणी उभं राहिलं,
आणि आम्ही तत्परतेने
चिऱ्यांचे दोन ट्रक फेरीबोटीतून पलीकडे नेऊन
मंजूर जागी रिकामे केले.
मंजूर जागी खेकडे होते.

इनास, मानशीचा राखणदार, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"कागदार बांद बरो आसा गे बाय,
पूण उदकाक वाचपाक येना."

मग आम्ही तिघं बसलो.
जलस्रोतची वृषाली, मत्स्यचा लिगोरियो, मी.
रायबंदरच्या खानावळीत, बिलाच्या पाठीवर
वृषालीने लिहिलं: पृथ्वीचा आकार कुठला धरायचा,
मोजायला सुरुवात कुठून,
आधी उत्तर की आधी पूर्व.
एवढ्याशा गोष्टी.
त्यातली शेवटची आम्ही विसरलो,
आणि पहिल्याच दिवशी चोडण बेट
नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात जाऊन पडलं.
पंधरा आणि त्र्याहत्तर यांनी खुर्च्या बदलल्या, बस.
लिगोरियो बराच वेळ त्या निळ्याकडे बघत होता.
"थंयं कोरगुट जायना," म्हणाला.

बेट परत आणायला एक ओळ लागली.
साहेबांना पटवायला चार महिने.
आपला डेटा उघड्या साच्यात ठेवायचा
म्हणजे घर उघडं टाकायचं, असं त्यांना वाटे.

इनासला मी सांगितलं, खुलं मानक म्हणतात त्याला.
त्याने ऐकलं मानस.
"मानस? ती आसा न्ही आमची."
एका अक्षराची चूक, मी दुरुस्त करणार होते,
पण तो मला ओहोटीला खाली घेऊन गेला
आणि चिऱ्यातली खाच दाखवली,
चार बोटं रुंद, शेवाळलेली,
आज्याच्याही आधीची.
दाराची फळी दर काही वर्षांनी कुजते.
कधी मयेचा च्यारी करतो, कधी इथलाच कायतान,
लाकूड फणसाचं की माट्टीचं, ज्याचं त्याला माहीत.
खाच कुणी बदलायची नाही.
ओहोटीला दार आपसूक उघडतं, भरतीला मिटतं,
कुठल्या खात्याचं पाणी म्हणून विचारत नाही.

मी ते अक्षर दुरुस्त केलं नाही.

एका मंगळवारी, सव्वाचारला,
तीन रेषा एकमेकींवर पडल्या.
पडद्यावर एकच रेष दिसू लागली, इतकी बारीक
की वृषालीला वाटलं बाकीच्या दोन गेल्या.
तिने एकेक विझवून पाहिली.
होत्या.
पंखा फिरत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
लिगोरियोला साडेचारची फेरी गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन बांधावर उभी राहिले.
निळा ठिपका माझ्या पायाखाली, रेषेवर,
मी इनासला दाखवला, जरा मिरवतच.
त्याने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला,
आणि तीन पावलं दक्षिणेला जाऊन
टाच चिखलात रोवली.
"फुटला तो हांगा."

मी ठिपका उचलून
त्याच्या टाचेपाशी ठेवला.
नदीपलीकडे पणजीत
तीन टेबलांवर, कुणालाही न विचारता,
भगदाड तीन पावलं सरकलं.