मळकं

नोकरीत असताना मी मापं जप्त करायचो.
लाकडी पायल्या, अधुल्या, चिपटी, कोळवी,
बुडाशी मेण थापून धान्य चोरणारी,
आणि काही साधीभोळी, ज्यांचा गुन्हा इतकाच
की त्यांना लिटर येत नव्हता.
पंचनाम्यात लिहायचो : एक नग, लाकडी, जुना.
कितीतरी थंडीत शेकोटीला गेली,
आमचा शिपाई त्यावर हात शेकत विडी ओढायचा.

आता पेन्शनीत तीच शोधत फिरतो.

दस्तगीर भंगारवाल्याला माझा नंबर पाठ आहे.
"साहेब, रव्या आल्यात तीन, एकीचा दात मोडलाय.
सोऱ्या आहे, घोड्याच्या तोंडाचा.
पाळण्यावरचे पोपट आहेत, रंग आहे थोडा."
थोडा रंग.
तेवढ्यासाठी हरिपूर रोडनं भर उन्हात सायकल हाणतो.
पहिल्या वेळी त्यानं हौसेनं पॉलिश पेपर घासून
एक रंगीत चौरंग पांढराफटक करून ठेवला होता;
मी दुकानातच मटकन बसलो.
तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगतो,
"ह्यांना मळकंच लागतं."

मिरजेत एका मिशन बंगल्याचं सामान निघालं,
तेव्हा खिळ्यांच्या डब्यांखाली एक पेटी मिळाली.
वीतभर. निळा रंग, सुकून खपली धरलेला.
झाकणावर तांबड्या छातीचा पक्षी,
दोन्ही अंगांना तीन-तीन पाकळ्यांची फुलं.
दस्तगीर म्हणाला, तांबट.
तांबट हिरवा असतो, मी म्हणालो, आणि त्याला चोच असते.
कुणी सांगितलं, अमेरिकेतल्या खेड्यातल्या सुताराची आहे,
लेकीला द्यायचे म्हणे असली पेटी.
तिकडंही माणसं हेच गोळा करतात,
लोण्याचे साचे, पीठ मळायच्या कोटंब्या,
आणि रंग खरवडला की वस्तूची किंमत गेली.
म्हणजे तिकडंही आमच्यासारखे मळके आहेत.

आत कुंकवाचा डाग, एक गंजकी सुई.
इथंच कुणाची तरी होऊन राहिली होती ती,
स्वयंपाकीण, आया, कोण जाणे.
झाकणाच्या कडेला रंग उडालाय, अंगठ्याएवढा.
माझा तिथं बसतो. जरा मोठा पडतो.

काठवट मात्र सावळजची, सिंधू ऐवळेची.
ती तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवायची.
बदल्यात स्टीलची परात मागितली, जाड बुडाची.
मी दोन दिल्या.
दोघांनाही वाटलं, समोरचा फसला.

भिंतीला लावली. खाली कार्ड, सुवाच्य अक्षरात :
काठवट. लाकूड बहुधा शिवणीचं. कडेला पत्र्याची ठिगळपट्टी.

दिवाळीनंतर सिंधू पोराला दवाखान्यात दाखवून
जाता जाता घरी आली.
चहा नको म्हणाली, भिंतीकडं बघत राहिली.
मग न विचारता खुर्चीवर चढली, काठवट उतरवली,
टिचकी मारून कानाशी नेली.
"वाळली की वो ही. उन्हाळ्यात तडकंल.
कोंबड्या बऱ्या हुत्या, पाणी तरी मिळत हुतं."
तेल लावतो, मी म्हणालो.
"तेलानं न्हाई भागत. पीठ लागतंय हिला."

तर आता रविवारी मी तिच्यात ज्वारीचं पीठ मळतो.
भाकरी कडेला फाटते.
दस्तगीर खातो बिचारा, खर्ड्याबरोबर, काही न बोलता.
भिंतीवर खिळा आहे आणि कार्ड आहे.

निळ्या पेटीचं काय करावं कळत नाही.
तिला काय लागतंय ते सांगायला
इतक्या लांबून कोण येणार?
सध्या तिच्यात माझा मापांवर मारायचा शिक्का ठेवलाय,
ऑफिसात परत करायचा राहिलेला.
झाकण उघडताना अंगठा
आपोआप त्या जागी जातो.