दोन शेर तेल

मला बोलावलं ते मोडी वाचता येतं म्हणून.
मालिकावाले आले होते, उरवाईच्या अंगाला तंबू,
चार जनरेटर, भाड्याची हत्तीण (कानामागे खरूज),
आणि खेतलगिरी बाबांच्या दाढ्या
एका खोक्यात तीन: तरुणपणाची, युद्धातली, समाधीची.

'मॅडम, बाबांचं काही ओरिजिनल सापडेल?'

सापडलं. एकच कागद. तोही बाबा गेल्यावर
तीनशे वर्षांनी कुणा कारकुनाने
जेवणाच्या आधी घाईत लिहिलेला:
लंगडे गोसावी यांचे समाधीस दिवाबत्तीबद्दल
तेल दोन शेर दरमहा
पूर्वापार चालत आले तैसे चालवावे.
खाली शिक्का. शिक्क्यातून वाळवीची वाट.

'लंगडे?' निहालने हेडफोन गळ्यात उतरवला.
लंगडा माणूस स्लो मोशनमध्ये कसा चालवायचा?
त्याने चॅनलला फोन लावला, गाडीच्या आडोशाला गेला,
आणि चार मिनिटांत
बाबांचा पाय बरा होऊन परत आला.

मग मी बघत बसले, प्लास्टिकच्या खुर्चीत.
बाबांच्या छातीला ग्लिसरीन. बाबा डोळे मिटले की पंखा सुरू,
केस मागे, शंख पुढे.
तलवार उपसली की संगणकात वीज भरतात म्हणे नंतर,
तोवर तलवार हलकी, अॅल्युमिनियमची,
मधल्या वेळात तिच्यावर कुणी पाठ खाजवतं.
शत्रूंना सगळ्यांना काजळ. शत्रू तंगडी चावतात,
हसतात, पुन्हा चावतात. सकाळी सहापासून
त्याच चार तंगड्या.

समाधी इथून अकरा कोस, चंबळच्या वाटेवर.
मागे एकदा टेम्पोने गेले होते, धूळ खात.
रामकली बघेल झाडत होती तिथे, मेंढ्या बाजूला बांधून.
तिला विचारलं, बाबा लढायचे कसे?
ती झाडतच राहिली. म्हणाली,
'लड़े थे एक बार। फिर तीस साल पछताए।'

एकदाच. विहिरीवर, गुरं पळवायला आलेल्यांशी.
गुडघा तिथेच गेला. समोरचे दोन पोरगेही गेले.
त्यांची आई नंतर शोधत आली,
तिला बाबांनी पाणी शेंदून दिलं
आणि सांगितलं, मीच तो.
ती बसून राहिली. मग पाणी प्याली.
पुढची तीस वर्षं बाबा पाला वाटत होते,
कुणाचीही जखम असो, अलीकडची, पलीकडची.
रामकलीकडे याला पुरावा नाही. पाटा आहे,
मधे इतका खोलगट
की त्यात पाणी साठतं आणि चिमण्या येतात.

हे मी निहालला सांगितलं. वाईट नाही तो मुलगा.
त्याने ऐकलं, वहीत लिहिलं, पान दुमडून ठेवलं.
आणि प्रसारण झालं तेव्हा
भाग बत्तीस, लढाई. भाग तेहतीस, लढाई.
भाग चौतीस: काळ्या पडद्यावर अक्षरं,
तीस वर्षांनंतर,
दोन सेकंद, बासरीसकट.
मग पांढरी दाढी, तिसऱ्या नंबरची.

आता समाधीवर नवी तसबीर आहे, काचेत.
त्या नटाचा चेहरा. पाय दोन्ही सरळ.
रामकली त्यालाही कुंकू लावते,
म्हणते, भला लड़का है, दूर से आया है।

माझ्या डोक्यात मात्र कारकुनी हिशेब.
शेवटच्या रात्री गडावर मशाली पेटवल्या होत्या, दीडशे.
वारा होता, रिटेक झाले.
प्रॉडक्शनच्या पोराने कॅन मोजले: चाळीस लिटर.
दोन शेरांच्या दराने मी भागून पाहिलं.
बाबांची पावणेदोन वर्षं
एका रात्रीत जळली, आणि उजेड
फक्त चेहऱ्यावर पडला.