गंज

किसिमीतल्या त्या चाच्यांच्या हॉटेलात
आता चंद्र उतरवायचाय.
लॉबीतला नांगर खाली घेतल्यावर ठेकेदार म्हणाला,
आधी एवढा गंज खरवडा.
मिग्दालिया हसली. एकोणीस वर्षं पुसलाय मी हा गंज,
रंग आहे नुसता.
पोरानं पात्याचा एक हात मारला.
रंगाचा पोपडा निघाला, आणि खाली
खराखुरा गंज.

दोनशे चौदामध्ये कवट्यांचा वॉलपेपर सोलला
तर काउबॉय. काउबॉयच्या खाली
एकाहत्तर सालची नारिंगी फुलं,
पाठीला पाठ लावून बसलेली, टवटवीत.
मी फक्त मापं घ्यायला आलो होतो.
भिंत किती फूट, एवढंच लिहिलं.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात.
इथंही पैशापाशीच अडलं.
पूर्वेची बाजू तशीच राहणार :
लिफ्टच्या उजवीकडे चंद्र, डावीकडे समुद्र.
मिग्दालियाचा नवा गणवेश चंदेरी आहे,
काखेत काचतो.
त्याच्यावरूनच ती समुद्राकडची बादली उचलते.

नांगराचं काय करायचं, कुणी ठरवलं नाही.
पार्किंगमागच्या गवतात पडलाय.
आता कुणी पुसत नाही.
परवा पाहिलं, एका बाजूनं जमिनीत गेलाय,
नांगरानं रुतावं
तसा.