पावांचा आकडा

बेळगाव कॅम्पात इनास पावलूच्या भट्टीला
लढाई पेपरवाल्यांच्या आधी कळली.
रोजचे चारशे पाव.
मग एकसष्टच्या नोव्हेंबरात एक सुभेदार आला,
पिठाच्या फळीवर बोटानं लिहिलं: तीन हजार दोनशे,
आणि लगेच तळव्यानं पुसलं.

मी भरमा. वय अकरा.
सायकलच्या पायडलला पाय पुरायचे नाहीत
पण पाढे तिसापर्यंत पाठ.
रेसकोर्सच्या माळावर तंबू उगवूलालते,
रेल्वेनं उतरलेली माणसं
पंजाबीत पाणी मागूलालती.
दिल्लीत म्हणे नकाशाला टाचण्या टोचत होते.
आम्ही मैदा मळत होतो.

तो आला मंगळवारी, मापशाहून,
चोर्ल्याच्या रानवाटेनं.
कोट इस्त्रीचा, बुटांना लाल माती.
खिशात इनासच्या आईचं पत्र, पाद्रीच्या अक्षरात.
सहा वर्षं नाक्याचं फाटक बंद होतं.
पत्र काढलं, दिलं नाही,
दोन बोटांत धरून बोलत राहिला
काजूचं, आईच्या गुडघ्यांचं,
मग सहज:
"भट्टी रात्रभर जळते हल्ली?"
"नाताळ आलाय नव्हे," इनास म्हणाला,
"दीडेकशे पाव जास्त."

आणि मी,
वर्गात गणिताला पहिला,
टोपली खाली ठेवून बोललो:
"चुकलं की मामा. दोनशेची एक, अशा सोळा टोपल्या.
सोळा दुणे बत्तीस, वर दोन शून्यं."

पत्र टेबलावर आलं.
इनासनं मारलं नाही मला.
नुसता भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला
भुवयांवरचं पीठ घामानं भिजेपर्यंत.

लढाई दीड दिवसात आटोपली.
उरलेले पाव
कॅम्पातल्या म्हशींनी तीन दिवस खाल्ले.
माझ्या आकड्यानं काय झालं,
कुठल्या पुलाखाली दोन सुरुंग जास्त पुरले,
की तो कागद लिस्बनच्या ड्रॉवरात
न वाचताच पिवळा पडला,
मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

फाटक उघडल्यावर इनास मापशाला गेला
आणि दंडाला काळी फीत बांधून परतला.
आई अठ्ठावन्नलाच गेली होती.

आता टीव्हीवर चार जण
परराष्ट्र धोरणावरून एकमेकांच्या अंगावर येतात.
नातू विचारतो, आजोबा, गुप्तहेर कसा दिसतो?
झोप, म्हणतो मी.

रात्री सांब्र्याच्या रस्त्यानं लष्कराचे ट्रक जातात.
पडल्या पडल्या मोजतो, सवयच ती.
चोवीसपाशी
मुद्दाम चुकतो.