रात्रीचं पाणी

जुन्या इंदुरात पावणेतीनला
गेंदालाल पहारीने झाकण सरकवतो.
आधी दोरीने वायूचं यंत्र सोडतो,
गाठ दोनदा ओढून बघतो.
त्याचा भाऊ यंत्राशिवाय उतरला होता;
हे मला ऑफिसात कळलं, त्याच्याकडून नाही.

मग माझी पट्टी.
या वेळी गाव झोपलेलं, नळ बंद,
पाइपात बोटभर ओल पुरे.
पट्टी म्हणते, नऊ सेंटीमीटर.

वरच्या चेंबरात लाल रंग सोडून
गेंदालालने मिस्डकॉल दिला.
एक मिनिट चाळीस सेकंद.
रंग आला तो पार फिका,
पाहुणे वाढल्यावर वरणात पाणी घालावं तसा.

बादलीत काढलं. गार. वासही अर्धाच.
"बावडी थी यहाँ, मॅडम," परत येत तो म्हणाला,
"मेरी बुआ तैरती थी. भर दी."

नकाशावर तिथे दुकानं आहेत,
गाळा क्रमांक चार ते नऊ.
बावडीला हे कुणी कळवलेलं नाही.
ती सांध्यातून येतेच आहे.

फॉर्मातल्या 'कारण' या रकान्यात मी लिहिलं:
बाहेरून शिरणारं पाणी. सांधा बदलावा.
आणि नकाशावर पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ,
जे कुणी मागितलं नव्हतं.

चार वाजून सहा. पट्टीवर दहा.
कोमट, वर साबणाचा फेस.
"पुराणिकजी उठ गए," गेंदालाल म्हणाला,
आणि त्याने झाकणाला हात घातला.