बाहेर : वीस मिनिटं

साडेसहाला कैवल्यला घ्यायला जाते
आणि आधी त्याच्या बुटांचे तळवे बघते.
असं बघू नये, कळतं मला.
पण लंकाताई बूट हातात देते तेव्हा
ते नुकते खोक्यातून काढल्यासारखे कोरे,
आणि फोनवर मात्र रोज आलेलं असतं :
जेवण – पूर्ण. झोप – दीड तास. शी – एकदा.
बाहेर – वीस मिनिटं.

वीस मिनिटांत काय होतं?
संध्याकाळी कर्वे पुतळ्यापासून निघालेला माणूस
नळ स्टॉपलासुद्धा पोचत नाही.
हिंजवडीत आमच्या मीटिंगला वीस मिनिटं
लोक नुसते विचारतात, माझा आवाज येतोय का.
अडीच वर्षांच्या माणसाला मात्र
एक मुंगी नीट बघायची तर तेवढी लागतातच,
ती काही ओढत असेल तर जास्त.

मी लहानपणी किती वेळ बाहेर असायचे
याची नोंद कुठेच नाही.
आई हाक मारायची,
तेव्हा कळायचं की मी बाहेर होते.

मागच्या गुरुवारी लवकर सुटले.
चार वाजता, गेटच्या अलीकडेच थांबले,
चोरासारखी.

अकरा मुलं. बावीस बूट.
लंकाताई पायरीवर, एकेकाचा पाय मांडीत घेऊन.
डावा उजव्यात, उजवा डाव्यात,
तोवर पहिल्याने मोजे काढून फेकलेले,
आणि दाराशी पोचल्यावर एकीला शू.
(वीस मिनिटं इथपासून धरतात.
मला माहीत नव्हतं.)
मग लंकाताईची जुनी ओढणी, तिला धरून अकरा मुठी,
उंबरा, दोन पायऱ्या, उतार,
मागे मागे येणारी पांढरी गाडी – थांबा –
गुरुवारचं पाणी बंद म्हणून टँकर,
त्याचा जाड पाइप – पाय उचला, साप नाही तो –
'येथे चेंडू खेळू नये. आदेशावरून.'
आणि पार्किंग संपतं तिथे, भिंतीला टेकलेल्या
बुचाच्या झाडाखाली
चार पावलं माती.

कैवल्य उकिडवा बसला.
एक फूल उचललं, लांब देठाला धरून,
उलटं केलं, सुलटं केलं,
शेजारच्या मुलीच्या कानात घालून पाहिलं.
तिने घालू दिलं.
मी मोजत होते. सहा मिनिटं.
वर कुणीतरी खिडकी लावून घेतली, जोरात.
पुन्हा ओढणी. पुन्हा पाइप. साप नाही तो.

दारात बादली होती, अर्धी,
सकाळीच भरून ठेवलेली.
लंकाताईने फडकं पिळलं
आणि बावीसच्या बावीस तळवे पुसले,
चिरांतली माती काडीने काढून.

मी पुढे झाले. म्हटलं, हे कशाला?
ती म्हणाली, आया बोलतात, ताई.
माती दिसली की ऑफिसात फोन येतो.

बोलतात.
जूनमध्ये मीच लिहिलं होतं ना,
गाडीची सीट खराब होते म्हणून,
शेवटी हात जोडलेलं चित्र टाकून.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
तुमचा मुलगा कुठे असतो दिवसभर?
बाहेरच की, ती म्हणाली. रामनगरात.
आत ठेवायला आत कोण आहे?
आणि फडकं वाळत टाकायला गेली.

येताना गेटपाशी
कैवल्यने माझा हात सोडला.
फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघालेली,
एकीच्या तोंडात पोळीचा कण, तिच्याहून मोठा.
पावणेपाचला मला कॉल होता.
चल, म्हटलं.
थांब, म्हणाला,
मान वर न करता.

मी थांबले.
फोन वाजेपर्यंत.