काटा

बावीस वर्षं मी होड्या तोलते आहे
आमेलांड बेटावर, क्लबच्या मागच्या शेडमध्ये.
दोन पोटांच्या होड्या, मधे ताणलेली जाळी.
शिडाचं क्षेत्रफळ, लांबी, वजन
सूत्रात ओतलं की तळाशी एक आकडा उरतो.
त्याला इथे रेटिंग म्हणतात.
न्याय म्हणायचीही पद्धत आहे.

योरितची नवीकोरी, कार्बनची: त्र्याण्णव.
सीत्सेची, त्याच्या लेकीहून नऊ वर्षांनी मोठी: एकशे सतरा.
वेळेला शंभरानं गुणायचं, आकड्यानं भागायचं.
लंगड्याला काठी, धावणाऱ्याच्या पाठीवर गोणी,
मग दोघं एकाच उंबऱ्याशी एकदमच पोचतात
असं सूत्राला वाटतं.

शनिवारी योरित आला एक तास तेहेतीस मिनिटांत.
मी भोंगा वाजवला.
दोन मिनिटांनी पाणी फिरलं.
ओहोटी लागली की इथली खाडी वाहत नाही, ओढते.
सीत्सेचं लाल शीड शेवटच्या बोयापाशी
भिंतीवरच्या पालीसारखं चिकटून राहिलं.
फेन्ना तारेला लटकून पाण्यावर आडवी झाली होती,
वारा पुरेसा होता, होडी फेस उडवत होती,
आणि बोया तिथेच होता.

एक तास सत्तावन्न मिनिटं, चौदा सेकंद.
मी भागाकार केला.
पाण्यावर जादा झालेले चौदा सेकंद
कागदावर बारा झाले.
बाराच्या भावात गेलो, बाबा, फेन्ना म्हणाली.
तो शिडावरचं मीठ धूत राहिला.

रात्री मी चोरून पुन्हा मांडलं.
ओहोटी धरली, तर सीत्से पहिला.
मागच्यांनाच मिळालेला तो एक झोत धरला, तर योरितच.
योरितचं वजन धरलं, माणसाचं, होडीचं नव्हे,
तर चक्क हिल्त्ये,
जी उडालेली टोपी उचलायला मागे वळली होती.
मी पेन्सिल ठेवून दिली.
कुणालाही जिंकवता येत होतं.

रविवारी सकाळी सीत्से होडी ओढत आला.
"तोल."
अकरा किलो जास्त.
आतल्या फोमनं इतकी वर्षं समुद्र पिऊन ठेवला होता
आणि मी दर वसंतात, तिला न उचलता,
जुनंच वजन नव्या वहीत उतरवत होते.
अकरा किलो म्हणजे एकशे अठरा.
एकशे अठरा म्हणजे काल
एकोणचाळीस सेकंदांनी पहिला.

फळा समोर होता. खडू माझ्या हातात होता.
"आकडा बदल," तो म्हणाला,
"पण पुढच्या शनिवारपासून."
फेन्ना दाराशी ओले मोजे पिळत होती.
तिला ऐकू आलं नसावं. किंवा आलं.

मग त्यानं होडीचं बूच काढलं.
आधी काहीच आलं नाही,
नंतर एक बारीक, तांबूस धार फरशीवर.
आम्ही तिघं वाकून काट्याकडे बघत राहिलो.
तो हलत नव्हता.